गावातल्या दंतकथेवर भिंतचित्र करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडजवळची भिंत मिळतेय, गावची दंतकथा काढायची आहे, आधी काय करावं. आधी रंग घेऊ नका. गावात बसा.

मी ठाण्याचा. आमच्याकडे भिंत दिसली की लोकांना १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला आलेली पहिली आगगाडी आठवते, सोबत साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. चित्र वाईट नसतं, पण ते कुणी थांबून बघत नाही. आम्ही खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात काम केलं. गोष्ट अशी: जाळ्यात दगड आला, कोळ्याने तो परत पाण्यात टाकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दगड. शेवटी त्याची देवळी बांधली. अशी गोष्ट किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत सांगतात, तुमच्याकडेही वेगळ्या रूपात असेल.

कच्चं रेखाटन घेऊन गेलो तर एक आजी होडीकडे बघून म्हणाल्या, "या होडीत तूच बस हां पोरा." मी डोलकाठी सरळ उभी काढली होती. ती पुढे, नाळेकडे म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे कललेली असते, हे मला तिथे कळलं. दोन रविवार नुसतं खोडण्यात गेले.

आता भिंतीचं. खाऱ्या हवेत भिंतीला लोणा, म्हणजे मिठासारखा पांढरा क्षार धरतो, वर कितीही भारी रंग लावा, पापुद्रे सुटणारच. ओल कुठून येते ते आधी बघा, सैल गिलावा खरवडा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिक इमल्शन. पावसाळा संपून भिंत सुकली की काम काढा. चित्र मोठं करायला चौकटी आखा, किंवा रात्री प्रोजेक्टर लावा. भिंत ज्याची त्याची परवानगी लेखी घ्या. खालचा दोन फुटांचा पट्टा गडद आणि साधा ठेवा, पिचकाऱ्या तिथेच पडतात. तिथे देव काढून लोकांना घाबरवायची युक्ती मला पटत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. जाळं कुणाच्या पूर्वजाचं, यावर तीन घरांत जुंपली. प्रत्येकाकडे नाव तयार. शेवटी कोळी पाठमोरा काढला, डोक्याला रुमाल, हातात ओलं जाळं. आता तिन्ही घरची पोरं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात, "आमचा पणजोबा" म्हणून.