बेरीज नंतर, आधी प्रश्न

बेटा,

रविवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आलीस आणि दारातच विचारलंस, "सर, पेपर अन्यायी आहे की मीच शिकवण्यात कमी पडते?" त्या दिवशी मी धड बोललो नाही. देवलापारकडची तुझी पोरं नागपूर शहरातल्या मुलांपेक्षा मागे पडली, एवढ्यावरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. गुणांची बेरीज बघून निकाल देऊ नकोस. आधी प्रश्न बघ.

वीसेक वर्षांपूर्वी मी प्रश्नपत्रिका काढणाऱ्या एका समितीवर होतो. त्यातला एक प्रश्न माझा: एक मजला चढायला 18 पायऱ्या, तर तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जायला किती? उत्तर 54. पुढे रामटेक तालुक्यातल्या एका शाळेत तेच पेपर चाळताना दिसलं, जवळजवळ सगळ्यांनी 36 ला खूण केली होती. एका पोराला जवळ बसवलं. बोटांवर मोजत म्हणाला, "खालचा पयला, त्याच्यावरचा दुसरा, मंग तिसरा. दोनदाच चढाचं." अठरा दुणे छत्तीस. गुणाकार बरोबर, विचारही बरोबर. तळमजला मोजायचा नसतो, हा शहरातला रिवाज तेवढा त्याला ठाऊक नव्हता. त्याच्या गावात माडीचं घरच नव्हतं.

मी समितीला कळवलं नाही. उत्तरसूची छापून गेली होती, एका प्रश्नानं काय बिघडतं, असं बरीच वर्षं स्वतःला समजावलं. आणि तो प्रश्न गणित म्हणून चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण तो गणित तपासत नव्हता, इमारत पाहिली आहे का ते तपासत होता. तेव्हापासून एकच हट्ट धरून बसलोय: आधी प्रश्न.

तू म्हणालीस, "मग हे सगळे पेपरच रद्द करायला हवेत." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं! भागाकाराच्या साध्या प्रश्नात तुझी निम्मी पोरं अडली, तिथे माडी नाही, लिफ्ट नाही, शहर नाही. एका शिक्षकानं चार वर्ग सांभाळले की हेच होतं. तो प्रश्न खरं बोलतोय. त्याला अन्यायी ठरवलंस तर त्या पोरांचा भागाकार कायमचा राहील.

दोन्हींतला फरक ओळखायची रीत आहे. एकूण गुण सारखे असलेली मुलं घ्यायची, शहरातली आणि पाड्यावरची, आणि एकेका प्रश्नावर त्यांची तुलना करायची. बाकी पेपरात बरोबरीनं चालणारी पाड्यावरची मुलं एकाच प्रश्नावर घसरली, तर त्या प्रश्नाकडे बोट दाखवता येतं. यासाठी वापरतात ते मँटेल-हेन्झेल गणित 1959 मध्ये आजारांच्या संशोधनासाठी मांडलं गेलं, परीक्षांकडे ते नंतर आलं. पण त्याला शेकड्यांनी मुलं लागतात आणि तुझ्या वर्गात चौदा. शिवाय अख्खा पेपरच एका बाजूला कललेला असेल, तर 'एकूण गुण सारखे' यालाही अर्थ उरत नाही. घरी गोंडी बोलणाऱ्या पोराला मराठीतलं लांबलचक शाब्दिक उदाहरण दिलंस, तर ते भाषेत अडलं की गणितात, हे बेरीज कशी सांगेल?

4 डिसेंबर 2024 ला तिसरी, सहावी, नववीच्या मुलांना किती येतं ते देशभर निवडक शाळांत तपासणारं परख सर्वेक्षण झालं, त्याचे आकडेही तू काढून बसली होतीस. ते नमुना सर्वेक्षण आहे, त्यातून जिल्ह्याची व्यवस्था कळते. तुझ्या वर्गातल्या एका पोरीची हुशारी त्यात शोधू नकोस.

पुढच्या रविवारी ये. त्याआधी एक कर. प्रत्येक प्रश्नापुढे अ, ब, क, ड लिही आणि किती पोरांनी काय निवडलं ते मांड. चारही पर्यायांत विखुरली असतील, तर बहुधा अंदाजानं खुणा केल्यात. सगळी एकाच चुकीच्या पर्यायावर जमली असतील, तर त्यांच्या डोक्यात काहीतरी सारखं आहे. ती चुकीची कल्पना असेल, नाहीतर वेगळा रिवाज. ते पोराला शेजारी बसवून विचारल्याशिवाय कळत नाही. विचार, आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून आण. मराठीत सुधारून आणू नकोस.

तुझा,
सर