रोज 'मी आनंदी आहे' म्हणूनही मन उदासच राहतं. विचारांचा आणि शब्दांचा भावनांवर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की गेले काही आठवडे रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी आनंदी आहे, मी समर्थ आहे' असं म्हणताय, आणि बरं वाटायचं सोडून दिवसभर जास्तच उदास वाटतं. तुमचा प्रश्न असा, की शब्दांत ताकद असते हे खोटं, की तुमच्याच मनात काही खोट आहे?

दोन्ही नाही. शब्दांचा परिणाम होतो, चांगला आणि वाईट दोन्ही. पण वाक्य गोड असलं म्हणून ते मनाला लागू पडत नाही. ते खरं असावं लागतं, आणि जेवढं घडलं तेवढ्याच मापाचं असावं लागतं. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. मुलांशी, पालकांशी बोलताना मला जे सतत दिसतं आणि या विषयात जे नीट तपासलं गेलंय, त्यावरून सांगते.

आधी तुमच्या आरशाबद्दल. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रकार तपासला होता. 2009 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळातच चांगलं मत होतं, त्यांना थोडंसं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नव्हतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना आधाराची गरज, त्यांनाच तो आधार टोचला. यात नवल नाही. 'मी आनंदी आहे' म्हटल्याबरोबर मन आतून हजार पुरावे काढून दाखवतं की तू आनंदी नाहीस. तुम्ही रोज सकाळी नकळत स्वतःशी एक वाद सुरू करता आणि तो हरता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे नाही' असा दोन्ही बाजूंनी विचार करायची मुभा मिळाली, तेव्हा याच लोकांची अवस्था त्यातल्या त्यात बरी राहिली.

आता विचार अंगात कसा उतरतो ते बघा. संध्याकाळी वरिष्ठांचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी जरा भेटा, बोलायचंय.' एवढंच. एक माणूस 'हो' लिहितो आणि कामाला लागतो. दुसरा तो मेसेज चार वेळा वाचतो. गेल्या आठवड्यातली एक चूक आठवते, मग तिच्या आधीची. जेवताना घास गिळवत नाही, घरात कोणी काही विचारलं तर खेकसतो, रात्री या कुशीवरून त्या कुशीवर. मेसेज दोघांनाही तोच आला होता. फरक पडला तो मध्ये येऊन गेलेल्या एका वाक्यामुळे, 'आता मला काढून टाकणार.' हे वाक्य इतक्या झटक्यात येतं की तो माणूस त्याला विचार म्हणतच नाही. त्याला वाटतं, त्या मेसेजनेच छातीत धस्स झालं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते हेच.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांच्या हे 1960 च्या दशकात लक्षात आलं. नैराश्य असलेल्या रुग्णांच्या डोक्यात असे झटपट, आपोआप येणारे विचार सतत चालू असतात, आणि ते बहुतेक स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल निराशेचे असतात. त्या विचारांना पकडायचं, त्यांचा पुरावा तपासायचा, यावर त्यांनी उपचारपद्धती उभी केली. आज तिचीच पुढची रूपं सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून केला जाणारा उपचार) या नावाने जगभर वापरली जातात. लक्षात घ्या, त्यात वाईट विचाराच्या जागी चांगला विचार चिकटवत नाहीत. विचार खरा आहे का, किती खरा आहे, हे विचारतात. बऱ्याचदा तो अर्धा खरा निघतो, आणि अर्धा खरा निघाल्यानेच माणूस मोकळा श्वास घेतो.

आमच्याकडे सातवीतली एक मुलगी आली होती. समोर बसली आणि म्हणाली, "बाई, मी ढ आहे."

"कशावरून?"

"गणितात नापास झाले."

पेपर दप्तरातच होता, चार घड्या घातलेला. तो टेबलावर पसरला आणि आम्ही दोघी एकेक गणित बघत गेलो. भूमितीचे जवळजवळ सगळे गुण मिळाले होते. समीकरणं बरीचशी बरोबर होती, एके ठिकाणी फक्त चिन्ह चुकलं होतं. अपूर्णांकांचा भागाकार आला की मात्र प्रत्येक उत्तर चूक, कारण दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं ती दर वेळी विसरत होती. आणि शेवटचं पान कोरं. तिथे शाब्दिक उदाहरणं होती. मी म्हटलं, "आता मला सांग, काय झालं?" ती बराच वेळ पेपरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही. आणि शेवटची उदाहरणं मी वाचलीच नाहीत. घाबरले."

गुण तेवढेच राहिले, नापास ती नापासच होती. 'नाही गं, तू खूप हुशार आहेस' असं मी तिला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला ते पटलं नसतं, आणि मी सगळ्यांनाच असं म्हणते हे तिला कळलं असतं. पण 'मी ढ आहे' या वाक्यावर करण्यासारखं काहीच नसतं. ते ऐकून फक्त मान खाली जाते. 'भागाकार येत नाही' यावर करण्यासारखं असतं. तिने पुढचा प्रश्न विचारला तोही हाच, "भागाकार परत कोण शिकवेल?"

माझं सगळं सांगणं या एका पेपरात येतं. त्रास देणारी वाक्यं जवळजवळ नेहमी घडलेल्या गोष्टीपेक्षा मोठी असतात. 'माझं कधीच चांगलं होत नाही', 'सगळे मला टाळतात', 'आता सगळं संपलं'. एका मैत्रिणीने फोन उचलला नाही, की 'सगळे' टाळतात. यातला विचार दाबून टाकायचा प्रयत्न करू नका, तो दाबला जात नाही. डॅनियल वेगनर यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल मनात आलं की घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची परवानगी दिली, तेव्हा ज्यांनी आधी दाबायचा प्रयत्न केला होता त्यांच्या मनात अस्वल जास्तच येत राहिलं. त्यामुळे वाक्य येऊ द्या, फक्त त्याचं माप घ्या. कोण? केव्हा? किती वेळा? 'सगळे' म्हणजे नावं कोणती? एवढं विचारलं तरी वाक्य आपोआप आक्रसतं.

अर्थात माप घेणं वेगळं आणि तेच तेच उगाळत बसणं वेगळं. 1989 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. योगायोगाने त्याच्या दोन आठवडे आधी सुझन नोलन-हॉक्सेमा यांनी तिथल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची पाहणी केलेली होती. वाईट वाटलं की तुम्ही काय करता, दुसऱ्या कशात तरी मन रमवता की 'मलाच असं का वाटतंय' हे घोळवत बसता? भूकंपानंतर त्याच मुलांना पुन्हा गाठलं. आधीच घोळवत बसायची सवय असलेल्यांमध्ये काही आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. आपण माप घेतोय की उगाळतोय, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. पाच-दहा मिनिटांत काही नवीन कळलं किंवा करण्यासारखं काही सापडलं, तर तो विचार. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं, तर उठा आणि हातांना काम द्या.

मग आरशासमोर काय म्हणायचं? मी तुमच्या जागी असते तर 'मी आनंदी आहे' हे उद्यापासून बंद केलं असतं आणि आत जे आहे त्याला नाव दिलं असतं. 'कसंतरीच होतंय' यावर थांबू नका. तो राग आहे, की अपमान? भीती आहे, की नुसता थकवा? हेवा वाटतोय का? एकटं वाटतंय का? मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने 2007 साली मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं, की चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला माणसं शब्दांत नाव देतात तेव्हा धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते, आणि कपाळामागचा, आवर घालणारा एक भाग जास्त सक्रिय होतो. पालकांना मी हे आवर्जून सांगते. रडणाऱ्या मुलाला 'काही नाही झालं' म्हणू नका. झालेलं असतं. 'त्याने तुला खेळायला घेतलं नाही, म्हणून वाईट वाटलं ना?' एवढं म्हणा आणि गप्प बसा.

स्वतःशी बोलताना स्वतःचं नाव घेऊन बोलणंही काहींना उपयोगी पडतं. 'मला भीती वाटतेय' असं म्हणण्यापेक्षा आपलंच नाव घेऊन 'तुला कशाची भीती वाटतेय?' असं विचारायचं. ईथन क्रॉस यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लोकांसमोर भाषण करायच्या ताणात असं बोलणाऱ्यांना कमी त्रास झाला. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण आपण मैत्रिणीला जसं समजावतो तसा सूर त्यात आपोआप येतो. लिहूनही बघा. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नाही, उलट उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत हा परिणाम लहानच निघालाय, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. आणि घाव अगदी ताजा असेल तर तो लगेच लिहून उकरू नका.

पाण्याशी किंवा भाताशी प्रेमाने बोललं तर ते बदलतं, तशी आपली पेशी न् पेशी शब्द ऐकते, हेही तुम्ही विचारलंय. याला विश्वासार्ह आधार नाही. माणसाला शब्द लागतात ते त्यांचा अर्थ कळतो म्हणून. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

घरच्यांच्या बोलण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, 'तुझं नेहमीचंच रडगाणं, असं म्हणतात.' ती मला जास्त खटकली. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. कधीतरी चिडून बोललं जातं, तेव्हा शांतपणे विचारता येतं, 'आज माझं नेमकं काय खटकलं?' समोरच्यालाही मग 'नेहमी' सोडून आजच्या गोष्टीवर यावं लागतं. पण रोज, जाणूनबुजून, कमी लेखण्यासाठीच बोललं जात असेल, तर तो तुमच्या विचारांचा दोष नाही, आणि विचार बदलून त्यावर उपाय होणार नाही. तिथे अंतर हवं आणि तुमच्या बाजूने उभं राहणारं कोणीतरी हवं. सतत हिणवलं जाणाऱ्या माणसाला 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणणं मला क्रूर वाटतं.

आणि एक गोष्ट मला काळजीने विचारायची आहे. झोप आणि भूक बिघडली आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही, असं होतंय का? बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ असं वाटून दोन आठवडे झाले असतील, तर हे 'चुकीचे विचार करण्याचं' फळ समजू नका. नैराश्य हा आजार आहे. त्यात शरीर, आनुवंशिकता, परिस्थिती, सगळ्याचा वाटा असतो, आणि त्यावर औषधं आणि संवादातून केले जाणारे उपचार दोन्ही आहेत. मानसोपचारतज्ज्ञाची किंवा मानसशास्त्रज्ञाची वेळ घ्या, ते जमत नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर वेळ मिळायची वाट बघू नका. आजच कोणाला तरी सोबत घ्या, हेल्पलाइनला फोन करा किंवा रुग्णालयात जा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोलायचं हे अनेकांना सुचत नाही, आणि 'काही विशेष नाही, जरा टेन्शन आहे' म्हणून माणसं परत येतात. म्हणून आधीच कागदावर लिहून न्या. कधीपासून, रात्री किती वाजता जाग येते, जेवण किती होतं, काय करणं बंद झालंय, डोक्यात कोणतं वाक्य वारंवार येतं. सांगणं जड गेलं तर तो कागद तसाच त्यांच्या हातात द्या.