अमेरिकेत ड्रग्जची केस स्टेटची असली की काळजी नाही, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंत: तुमचा भाचा न्यू जर्सीत विद्यार्थी व्हिसावर आहे, त्याच्याकडे कोकेनची पुडी सापडली आणि मित्र म्हणतात, "केस स्टेटची आहे, फेडरल नाही, घाबरू नकोस." मी इथे वकिलाच्या ऑफिसात काम करते. तुरुंगापुरतं मित्रांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, व्हिसाच्या बाबतीत अजिबात नाही.

स्टेटची केस राज्याच्या कायद्याखाली, काउंटीचा (जिल्ह्यासारख्या भागाचा) सरकारी वकील चालवतो. फेडरल केस केंद्राची, आणि तपासात बहुधा डीईए (केंद्राची अमली पदार्थविरोधी यंत्रणा) असते. एकाच कृत्यावर दोघंही वेगवेगळे खटले भरू शकतात. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये गॅम्बल खटल्यात हे पुन्हा मान्य केलं. मात्र स्वतःपुरत्या पुडीच्या मागे केंद्र सहसा लागत नाही. त्यांचं लक्ष मोठ्या पुरवठ्यावर असतं.

फेडरल विक्रीच्या केसमध्ये सगळा खेळ वजनाचा. फेंटानिल (अफूसारखं, पण फार तीव्र कृत्रिम ड्रग) असलेली पावडर 40 ग्रॅम भरली की किमान 5 वर्षं, 400 ग्रॅमला किमान 10. वजन अख्ख्या मिश्रणाचं धरतात, आत फेंटानिल चिमूटभर असलं तरी. काही अटींत बसणाऱ्यांना न्यायाधीश त्याखालची शिक्षा देऊ शकतात, पण त्या अटी कडक आहेत. शिवाय 1 नोव्हेंबर 1987 पासूनच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच (मुदतीआधी सशर्त सुटका) नाही. चांगल्या वागणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त 54 दिवस.

आता भाच्याचं. इमिग्रेशनचा कायदा पूर्णपणे केंद्राचा. स्टेट कोर्टात गुन्हा कबूल करून नुसतं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं) मिळालं, तरी इमिग्रेशनच्या लेखी तो दोषीच. स्वतःसाठी एकदाच बाळगलेला 30 ग्रॅमपर्यंतचा गांजा असेल, तर हद्दपारीतून सवलत आहे. कोकेनला ती नाही. (गांजा न्यू जर्सीत 2021 पासून कायदेशीर आहे, केंद्राच्या कायद्यात नाही. त्यामुळे "ओढलाय" असं विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे कबूल करणंसुद्धा महागात पडू शकतं.)

मुलं इथेच फसतात. "तुरुंग नाही ना, मग करून टाक सही" म्हणून मोकळी होतात. तुमच्या भाच्याला आजच फोन करा आणि इमिग्रेशनच्या वकिलाने कागद पाहिल्याशिवाय कशावरही सही करू नको, असं बजावून सांगा. त्याच्या फौजदारी वकिलालाही स्पष्ट विचारू दे, "या कबुलीने मला हद्दपार करतील का?" याबाबत सल्ला देणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2010 च्या पडिया खटल्यात ठरवलंय.