रिकी हेंडरसन की टिम रेन्स: नुसता एकूण आकडा बघू नका

तुमचा प्रश्न असा की बेसबॉलमध्ये रिकीचे १४०६ स्टील्स (फटका न बसताच पळून पुढचा बेस, म्हणजे मैदानावरचा पुढचा टप्पा, गाठणं, थोडक्यात बेस चोरणं) आहेत खरे, पण तो चोरताना ३३५ वेळा पकडलाही गेलाय आणि तोही रेकॉर्डच आहे, मग टिम रेन्स जास्त भारी नाही का? टक्केवारीत हो, रेन्सच पुढे. ८०८ स्टील्स, १४६ वेळा बाद, म्हणजे ८४.७ टक्के, रिकीचे ८०.८. पण टक्केवारीवर थांबलात तर अर्धीच गंमत कळेल.

पकडलं गेलं की हातातला बेस जातो आणि वर एक आउटही जातो, म्हणून ढोबळ हिशोबात एका स्टीलचे ०.२ रन धरतात आणि पकडलं गेल्याचे वजा ०.४, म्हणजे तीनातले दोन जमले तर कुठे बरोबरी. आता हे रिकीच्या एकेका सीझनला लावून बघा. १९८२ ला त्याने १३० बेस चोरले, लू ब्रॉकचा ११८ चा रेकॉर्ड मोडला, सगळे तेच वर्ष सांगतात, पण त्याच वर्षी तो ४२ वेळा पकडला गेला. २६ मधून १६.८ गेले, उरले ९.२ रन. पुढच्या वर्षी १०८ स्टील्स आणि फक्त १९ वेळा बाद, तिथे उरतात १४! म्हणजे रेकॉर्डवालं वर्ष त्याचं बेस्ट नाहीच, माझ्या मते १९८३ च.

हाच हिशोब पूर्ण करिअरला लावला तर रिकी १४७ च्या आसपास, रेन्स १०३, आणि ब्रॉक (९३८ स्टील्स, ३०७ वेळा बाद) जेमतेम ६५. ब्रॉकच्या फॅन्सनी रागावू नका, आकडे बोलतायत. रेन्सचं एक मात्र जरूर बघा, १९८१ ला संपामुळे सीझन अर्धवट झाला तरी ८८ मॅचमध्ये ७१ स्टील्स, फक्त ११ वेळा बाद, आणि तो पठ्ठ्या तेव्हा रूकी, म्हणजे नवखा, होता.

दुसरं म्हणजे चोरायला आधी बेसवर पोचावं लागतं ना. विन्स कोलमन पायाने रिकीइतकाच वेगवान असेल, ८५, ८६, ८७ सलग तीन वर्षं शंभरच्या वर स्टील्स, पण त्याचा ऑन-बेस (बॅटिंगला आल्यावर बेसवर पोचण्याचं प्रमाण) .३२४ आणि रिकीचा .४०१. रिकी वॉक (चार चुकीचे बॉल पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) घ्यायचा, मग पळायचा. १९९८ मध्ये ३९ व्या वर्षी ६६ स्टील्स करून लीगमध्ये पहिला आला, त्या वर्षीचे त्याचे वॉक ११८ आहेत बघा.

आकडे काढताना एक लक्षात ठेवा, पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) पहिल्या बेसवर पिकऑफ (बेस सोडून पुढे सरकलेल्या रनरला बाद करायला बेसवर फेकलेला बॉल) टाकला आणि रनर परत न जाता दुसऱ्याकडे पळाला न् बाद झाला तर तेही कॉट स्टीलिंगमध्येच (चोरताना पकडलं जाण्यात) धरतात, परत येताना बाद झाला तर नाही. आणि जुन्या काळात जायचं असेल तर टाय कॉबच्या वगैरे वेळचे कॉट स्टीलिंगचे आकडे बऱ्याच सीझन्सचे अर्धवटच आहेत, तिथे हा हिशोब लावत बसू नका. २०२३ नंतरच्या पोरांशीही थेट तुलना नको, बेस मोठे झालेत आणि पिचरला पिकऑफवर मर्यादा आलीय.