शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ आलं, तेव्हापासून झोप नाही

प्रश्न: मावशी, मी कळंब तालुक्यातली. वय ३८, दोन लेकरं. गावातल्या शिबिरात पिशवीच्या तोंडाला औषध लावून तपासलं आणि कागदावर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ लिहून दिलं. दुर्बिणीच्या तपासणीला अंबाजोगाईची तारीख मिळालीय, बारा दिवसांनी. माझी आत्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. हे संबंधातून येतं म्हणतात, म्हणून मालकांना सांगायची भीती वाटते. शेजारीण म्हणते, पिशवीच काढून टाक. रात्रभर मोबाइल बघत बसते.

उत्तर: बाई गं, आधी त्या कागदाचं बोलू. सिस्टरनं पिशवीच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावलं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहिलं. हीच ‘व्हीआयए’, आणि डाग दिसला की ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. पण डाग साध्या सुजेनंही उमटतो, जंतुसंसर्गानंही. म्हणून तर पुढं दुर्बीण. तुझ्या कागदावर कॅन्सर कुठंच लिहिलेला नाही.

आत्याचा आजार कधी कळला ते तू लिहिलं नाहीस. आपल्याकडं बऱ्याच जणी अंगावरून रक्त जायला लागल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात, आणि तपासणी असते ती याच मधल्या काळात गाठायला. हे तुझ्याच जिल्ह्यानं जगाला दाखवून दिलंय. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं. २००९ साली निष्कर्ष आले: ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची, तपासणी झाली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुझ्या आईच्या, आत्याच्या वयाच्या बायका होत्या गं त्या.

आता शेजारणीचं. तिच्या पोटात माया असेल, पण हे ऐकू नकोस. ‘कॅन्सर होईल’ एवढ्या एका भीतीपोटी आपल्या भागात किती बायकांच्या पिशव्या गेल्या! बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांसाठी २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दुर्बिणीत खरंच काही दिसलं, तर डॉक्टर चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवतील. पेशी कॅन्सरच्या आधीच्या पायरीवर निघाल्या, तर बहुतेक वेळा तेवढाच भाग जाळून किंवा तारेच्या फाशानं काढून भागतं. पिशवी जागेवर राहते आणि त्याच दिवशी घरी येता येतं. तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना कुणी ऑपरेशनची घाई केली, तर सरळ उठून ये. दुसऱ्या डॉक्टरला दाखव.

मालकांना सांग. झोपताना नको, सकाळी चहा घेताना सांग: “तपासणीत डाग दिसलाय, पुढं बघायला बोलावलंय, तुम्ही सोबत चला.” एचपीव्ही विषाणूचा विषय निघाला, तर सांग की तो लग्न झालेल्या बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. कधी तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. म्हणून कुणामुळं आला, कधी आला, ते कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. त्यावरून ना तुझ्यावर शंका घेता येते, ना त्यांच्यावर.

आणि रात्रीचं. मोबाइल लेकीच्या खोलीत चार्जिंगला लाव. मनात येईल तो प्रश्न वहीत लिही, तीच वही डॉक्टरपुढं ठेव. दोन वाजता जाग आलीच तर उठून अंगणात बस, अंथरुणात तळमळत पडू नको. दिवसा रानात जात जा, हात चालू राहिले की डोकं थोडं निवतं.

सोयाबीनची काढणी आली तरी तारीख चुकवू नको. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर आधी विचारून तारीख बदलून घे. आदल्या दोन दिवसांत संबंध नकोत. मधल्या काळात संबंधानंतर किंवा पाळी नसताना रक्त गेलं, तर बारा दिवस थांबू नको, लगेच दाखव. दुर्बिणीची तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते. तुकडा काढला तर चिमटा बसल्यासारखं दुखेल, दोन-चार दिवस थोडं रक्त जाईल. जाताना एक पॅड सोबत ने.

मालकांना जमलं नाही तर जाऊबाईला ने. आणि रिपोर्ट हाती आला की मला लिही, कसाही असो.