चित्रकला येत नसताना पेनने नक्ष्या काढून डोकं खरंच शांत होतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. चित्रकला अजिबात येत नसेल, तरी पेनने एकच नक्षी पुन्हापुन्हा काढायचा छंद जमेल का? दोनदा सुरुवात केली, पण रेघ वाकडी गेली की शांत वाटण्याऐवजी चिडचिडच झाली, असं का? आणि ऑनलाइन मीटिंग चालू असताना काढत बसलं तर चालतं का? मी बरीच वर्षं नेमाने अशा नक्ष्या काढते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: जमेल. तुम्हाला सही करता येते ना? मग लागतात तेवढी सगळी वळणं हातात आहेत. कितीही गुंतागुंतीची नक्षी घ्या, ती सुटी केली की ठिपका, सरळ रेघ, कमान, सापासारखं दुहेरी वळण आणि गोल, एवढंच उरतं. चेहरा किंवा झाड काढणं अवघड वाटतं, कारण तिथे समोर जे दिसतंय त्याच्याशी साम्य साधायचं असतं, आणि ते शिकायला वर्षं जातात. नक्षीला कशासारखंच दिसायचं नसतं.

दुसऱ्या प्रश्नात खरी गोम आहे. या छंदातला निवांतपणा चित्र छान झालं म्हणून मिळतो असं बहुतेकांना वाटतं, आणि म्हणून चित्र बिघडलं की तो गेलाच असं धरून चालतात. माझं मत वेगळं आहे. पुढची रेघ कुठे ओढायची हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून डोकं सैल होतं. कोऱ्या कागदासमोर बसलं की काय काढू, केवढं काढू, कुठून सुरू करू, आता पुढे काय, असे निर्णय रांगेने उभे असतात. नक्षी एकदा निवडली की ते सगळे मिटतात. हाताला काम असतं, नजरेला काम असतं, पण ठरवायचं काही नसतं. ही अवस्था दिवसभरात आपल्या वाट्याला फार कमी येते.

याला थोडा आधारही आहे. २००५ साली करी आणि कॅसर या दोन अमेरिकन संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी त्यांना आपल्या मनातल्या एखाद्या भीतीविषयी लिहायला लावलं आणि मग रंगवायला बसवलं. काहींना मंडल, म्हणजे गोलात बसवलेली सममित नक्षी दिली, काहींना आडव्याउभ्या चौकटींची नक्षी, काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा जास्त उतरली. २०१२ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मंडल पुन्हा कोऱ्या कागदापेक्षा सरस ठरलं, चौकटी मात्र ठरल्या नाहीत. हे प्रयोग रंगवण्याचे आहेत, रेघा ओढण्याचे नाहीत, शिवाय लहान आहेत, त्यामुळे त्यांवर फार मोठी इमारत उभी करू नये. पण आखून दिलेलं असलं की मन लवकर निवतं, हे मला दर वेळी जाणवतं आणि पहिल्या प्रयोगात त्यांनाही तेच दिसलं.

आता तुमची चिडचिड. तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून, पट्टी घेऊन, मोठ्या ए-फोर कागदावर सुरुवात केलीत. या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवा. व्हिडिओ लावला की नजर पडद्यावरच्या हाताकडे आणि आपल्या कागदाकडे आळीपाळीने जात राहते आणि प्रत्येक रेघेची तुलना होते. पट्टीने ओढलेल्या एका रेघेशेजारी हाताने ओढलेली दुसरी चुकलेलीच वाटणार. सगळ्या रेघा हाताने ओढलेल्या असल्या की त्यांचा थरथराट एकाच जातीचा असतो आणि तो नक्षीचा पोत होऊन जातो. आणि ए-फोर कागद एका बैठकीत संपत नाही. अर्धवट राहिलेलं चित्र टेबलावर पडून राहतं आणि त्याचंही एक काम होऊन बसतं.

कागदाच्या आकाराबद्दल थोडं थांबून सांगते. या छंदाची सध्या सगळ्यात जास्त माहीत असलेली पद्धत म्हणजे झेंटँगल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडप्याने ती बसवली. मारिया सुलेखनकार, रिक एकेकाळी संन्यासी म्हणून राहिलेला. एका हस्तलिखितातल्या मोठ्या अक्षरामागे बारीक नक्षी भरताना वेळेचं भान कसं हरपलं हे मारिया त्याला सांगत होती, तेव्हा तो म्हणाला की तू जे सांगतेस ते ध्यानच आहे. तिथून पुढे पद्धत आकाराला आली. त्यांनी कागदाचा तुकडा ठरवला साडेतीन इंचाचा चौकोन, म्हणजे जेमतेम ९ सेंटिमीटर. तळहातावर मावतो, हवा तसा फिरवता येतो आणि अर्ध्याएक तासात भरून होतो. त्याला वरची बाजू नसते, खालचीही नसते.

त्यांची सुरुवात मला फार आवडते. पेन्सिलीने चार कोपऱ्यांत चार हलके ठिपके. ते चार रेघांनी जोडायचे, सरळ आल्याच पाहिजेत असं काही नाही. मग त्या चौकटीत पेन्सिलीनेच एक सैल, वेडीवाकडी रेघ फिरवायची, की आतल्या जागेचे तीनचार भाग पडतात. आता पेन उचलायचं आणि एकेका भागात एकेक नक्षी भरायची. गंमत अशी की पेन कागदाला लागतं तेव्हा कागद कोरा राहिलेलाच नसतो. पहिल्या रेघेची भीती त्या चार ठिपक्यांतच संपते. तुम्ही झेंटँगलच्या वाटेने जा किंवा जाऊ नका, एवढी युक्ती जरूर उचला.

सामान थोडकंच लागतं. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या. साकुरा कंपनीचं पिग्मा मायक्रॉन सगळ्यात जास्त वापरलं जातं, पण त्या जातीचं कुठलंही चालेल. त्यावरचे आकडे म्हणजे मिलिमीटर नव्हेत: ०१ ची रेघ ०.२५ मिलिमीटरची, ०५ ची ०.४५ ची. सुरुवातीला ०१ पुरे. काळे भाग भरायला ०५ किंवा ०८ जवळ असलं की बारीक टोक झिजत नाही. या पेनांचं टोक दाबाने बसतं, म्हणून पेन कागदावर नुसतं टेकवून ओढायचं. मला हा त्याचा गुणच वाटतो, कारण पेन घट्ट धरलं की लगेच कळतं आणि बोटं आपोआप सैल होतात. बॉलपेनने काढता येतं, पण त्याला दाबावं लागतं आणि शाईच्या गुठळ्या येतात. जेल पेनची शाई हाताने फासते, डावखुऱ्यांची तर जास्तच. कागद जरा जाड आणि गुळगुळीत हवा. प्रिंटरच्या पातळ कागदावर शाई फुटते आणि रेघेची कड जाते.

नक्षी कोणती घ्यायची, तर जिची कृती तीनचार पायऱ्यांत सांगता येईल ती. मी नव्या माणसाला नेहमी आधी चंद्रकोरींची देते. भागाच्या कडेला चिकटून नखाएवढ्या अर्धगोलांची रांग काढायची आणि ते काळे भरायचे. मग प्रत्येकाभोवती थोडं अंतर सोडून एक कमान, तिच्याभोवती आणखी एक. शेजारच्या कमानी एकमेकींना भिडल्या की तिथे थांबायचं. पुढच्या कमानी दोन अर्धगोलांना मिळून वळसा घालतात आणि लाटा आतल्या दिशेने सरकत जागा भरून टाकतात. हात कुठे वळवायचा हे प्रत्येक वेळी आधीची रेघच सांगते.

ती हातात बसली की पट्ट्यांची घ्या. जवळजवळ दोन समांतर रेघा म्हणजे एक पट्टी, ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. दुसरी पट्टी तिरकी आणायची, पहिलीपाशी थांबवायची आणि पलीकडून पुन्हा सुरू करायची, म्हणजे ती खालून गेल्यासारखी दिसते. अशा आठदहा पट्ट्या झाल्या की मधल्या फटी काळ्या भरायच्या. सपाट कागदावर एकदम खोली दिसायला लागते आणि ते बघताना मला अजून तितकाच आनंद होतो.

तिसरी माझी सगळ्यात आवडती, तिला पॅराडॉक्स म्हणतात. एक त्रिकोण काढा. एका कोपऱ्यातून निघा, एका बाजूला जवळजवळ चिकटून पुढच्या कोपऱ्याकडे जा, पण कोपऱ्यात न शिरता त्याच्या किंचित पुढे, दुसऱ्या बाजूवर रेघ टेकवा. कागद फिरवा. जिथे रेघ टेकली तिथूनच निघून पुन्हा तेच करा. पुन्हा फिरवा. दर वेळी कोपऱ्याच्या जरा आत. त्रिकोण लहान होत आणि वळत जातो आणि मध्यापर्यंत पोचता पोचता डोळ्यांना गोलाकार वळणं दिसू लागतात, वास्तविक एकही वक्र रेघ काढलेली नसते. शेजारी दुसरा त्रिकोण काढून दिशा उलट करून बघा, चित्र पार बदलतं. गणितातही याचं भावंड आहे: चौरसाच्या चार कोपऱ्यांतले चार उंदीर एकाच वेगाने, प्रत्येक जण पुढच्याच्या मागे धावू लागले तर त्यांची वाट कशी असेल? उत्तर असं, की चौघेही सर्पिल वळणं घेत मध्यावर भेटतात आणि प्रत्येक जण चौरसाच्या बरोबर एका बाजूएवढं अंतर धावलेला असतो.

वाकड्या रेघेचं काय करायचं, हे तुम्ही मुद्दाम विचारलंय. खोडता तर येत नाही, आणि ते चांगलंच आहे. समजा, समांतर रेघा ओढताना एक मध्येच फुगली. तर पुढची रेघ त्या फुगवट्याच्या कडेकडेने न्या, तिसरीही तशीच. चारपाच रेघांत तिथे कापडाखाली गोटी ठेवल्यासारखा उंचवटा तयार होतो आणि बघणाऱ्याला वाटतं की तो ठरवूनच काढलाय. तुमचं काम आधीच्या रेघेच्या मागे जायचं. ती कुठे गेली याचा निवाडा तुमच्याकडे नाही. एखादी रेघ भलत्याच जागी गेली तर ती जाड करा, किंवा तो कोपरा काळा भरून टाका. नक्षीत काळ्या रंगाची गरज असतेच.

रेघ थोडी सरळ यावी असं वाटत असेल तर पेनच्या टोकाकडे बघू नका, जिथे पोचायचंय त्या बिंदूकडे बघा. लांब रेघ स्वतःकडे ओढा आणि तिच्यासाठी मनगट वाकवण्याऐवजी कागद फिरवा. हळू काढा, अगदी हळू. वेग कमी केला की श्वासही मागोमाग संथ होतो, तो मुद्दाम सांभाळावा लागत नाही. खांदे वर चढलेत का तेवढं अधूनमधून बघा.

शेवटी टू-बी, म्हणजे मऊ शिशाच्या पेन्सिलीने छटा द्या. जिथे एक पट्टी दुसरीच्या खाली जाते तिथे हलकी काजळी आणि ती बोटाने किंवा कागदाच्या गुंडाळीने पसरवायची. दोन मिनिटांचं काम, पण सपाट नक्षी उठून येते. मग मागच्या बाजूला तारीख टाकून कागद डब्यात. लगेच फोटो काढून कुठे टाकायची सवय मात्र लावू नका. काढताना लोक काय म्हणतील हे डोक्यात आलं की ठरवाठरवी पुन्हा सुरू होते, आणि नेमकी तिच्यापासूनच आपल्याला सुटका हवी असते.

तुम्ही झोप उडाल्याचा आणि सतत धडधड होत असल्याचाही उल्लेख केलाय. ते आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना भेटा. नक्षी सोबत चालू द्या, पण ती उपचारांची जागा घेत नाही.

आता मीटिंगचं. जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली ४० जणांना फोनवरचा एक मुद्दाम रटाळ निरोप ऐकवला. अर्ध्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छोटे आकार पेन्सिलीने भरायला सांगितलं. मागाहून न सांगता परीक्षा घेतली तेव्हा आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हाताला हलकं काम असल्यामुळे मन दिवास्वप्नांत कमी भरकटलं असावं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे नुसतं ऐकायचं असेल तिथे खुशाल काढा. पण नक्षी अशी घ्या की जिच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही: चौकटी आखून एकाआड एक काळ्या भरणं, किंवा शेजारीशेजारी नागमोडी रेघा. पॅराडॉक्स मीटिंगला नको, त्यात प्रत्येक कोपऱ्यावर नजर ठेवावी लागते आणि तेवढ्यात कोणीतरी तुमचं नाव घेतं.