मी रडले म्हणून राहिलं नाही का?

बेळगावात मी मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांचं समुपदेशन करते. लॅबमध्ये वाढवलेला गर्भ गर्भाशयात सोडतात, त्याला ट्रान्सफर म्हणतात. ट्रान्सफर फेल गेलेली बाई समोर बसली की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. कुणी म्हणते जिना चढले म्हणून, कुणी म्हणते स्कूटीवर बसले म्हणून. पण सगळ्यात जास्त ऐकलंय ते हेच, की टेन्शन घेतलं म्हणून.

खानापूर तालुक्यातल्या एकीची हकिगत तिला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वय 36, लग्नाला अकरा वर्षं. घरी भात, थोडा ऊस, दोन म्हशी. ऐन पावसाळ्यात तिचं टेस्ट ट्यूबचं ट्रान्सफर झालं आणि चौदाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. माझ्याकडे आली तेव्हा पिशवीत डेअरीच्या हिशेबाची वही होती. पुढून लिटर आणि फॅट. मागून, वही उलटी धरून लिहिलेली दोन पानं. ती तिनं माझ्यापुढे सरकवली.

पहिला दिवस, गाडीत लई धक्के. तिसरा दिवस, पपईची फोड खाल्ली. सहावा दिवस, म्हैस व्यायली, रेडकू ओढायला हात लावला. आठवा दिवस, रडले. नववा दिवस, रडले. अकरावा दिवस, जावेच्या पोराच्या बारशाला गेले नाही, तिचा राग आला. 'रडले' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली, पेन कागदात रुतेल इतकी.

"ह्यातलं कारण कुठलं, तेवढं सांगा मॅडम. पुढच्या खेपेला ते करत न्हाई मी."

या कामात नवी होते तेव्हा मी म्हटलं असतं, जाऊ दे, एवढा विचार करू नकोस. आता म्हणत नाही. त्या वाक्यानं समोरच्या बाईचं तोंड बंद होतं, प्रश्न तिच्या पोटात तसाच राहतो. आणि तिचा प्रश्न खरा होता, त्याला उत्तरही आहे. मी पेन्सिल घेतली आणि आम्ही एकेक ओळ घेऊन बसलो.

रडण्यापासून सुरुवात केली, कारण रेघ तिथे होती. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा छापून आला. त्यात 14 अभ्यास आणि 3583 बायका होत्या. उपचार सुरू होण्याआधी प्रत्येकीची चिंता, उदासपणा मोजून ठेवला होता आणि मग उपचाराच्या त्या खेपेत कुणाला दिवस राहिले, कुणाला नाही ते पाहिलं. जास्त ताणात असलेल्यांना कमी दिवस राहिले, असं निघालं नाही.

तिनं लगेच पकडलं. "ते आधीचं मोजलेलं की. मी तर ट्रान्सफर झाल्यावर रडले."

बरोबर होतं तिचं. म्हणून मी तिला दिवस मोजून दाखवले. पाच दिवस वाढवलेला गर्भ सोडला, की तो साधारण पुढच्या तीन-चार दिवसांत रुजायला लागतो किंवा लागत नाही. आठव्या दिवशी तू रडलीस तोवर जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलं होतं. आणि रडण्यानं गर्भ राहत नसता, तर दुष्काळात, दंगलीत, रोज मार खाणाऱ्या बायकांना मुलं झालीच नसती.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी आई रोज रडायची. आमी पाच भावंडं झालो."

त्या ओळीवर काट तिनं स्वतः मारली.

धक्क्यांचं सोपं होतं. गर्भाशय म्हणजे रिकामी कळशी नव्हे, त्याच्या आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. पाच दिवसांचा गर्भ मिठाच्या बारीक कणापेक्षा लहान. मळलेल्या पिठात पडलेला तीळ परात हलवली म्हणून खाली पडतो का? स्पेनमध्ये 240 बायकांवर एक चाचणी झाली, 2013 मध्ये ती छापून आली. दान घेतलेल्या स्त्रीबीजांवर केलेली ट्रान्सफरं होती. अर्ध्या जणींना ट्रान्सफरनंतर दहा मिनिटं झोपवून ठेवलं, अर्ध्या जणींना लगेच उठवून चालायला लावलं. झोपवल्यानं काही फायदा झाला नाही, उलट लगेच उठलेल्यांत बाळंतपणापर्यंत पोचलेल्या जास्त होत्या. तरी आपल्याकडे बाईला पंधरा दिवस पलंगावरून उतरू देत नाहीत. तिलाही तीन दिवस पायाखाली उशा देऊन झोपवली होती. चौथ्या दिवशी कंबर धरली म्हणून ती उठली आणि तेव्हापासून स्वतःला गुन्हेगार समजत होती. पिकलेल्या पपईची एक फोड आणि रेडकू, दोन्ही ओळींवर मी काट मारली. जावेचा राग राहू दिला. तो खरा होता, पण त्याचा रिपोर्टशी संबंध नव्हता.

"मग कारण काय?"

तिची फाइल उघडली. सगळी इंग्रजीत. संमतीच्या कागदांवर प्रत्येक पानाखाली तिची मराठीतली सही, आणि वर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. याचा मला अजून राग आहे. अशा उपचारांसाठी 2021 मध्ये झालेल्या कायद्यानं यशाची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, हे जोडप्याला समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक केलंय. समजणार नाही अशा भाषेत सांगणं म्हणजे न सांगणंच. आमच्या या सीमाभागात हा प्रश्न रोजचा आहे.

फाइलमधले आकडे मी वहीत मराठीत उतरवले. सात स्त्रीबीजं मिळाली. पक्व पाच. फळलेली चार. पाचव्या दिवसापर्यंत वाढले ते दोन. एक सोडला, एक गोठवून ठेवला. म्हणजे तू पपई खाण्याच्या किती आधी, लॅबमध्येच, साताचे दोन झाले होते. ही गळती निसर्गात दर महिन्याला होते, आपल्याला दिसत नाही एवढंच. गर्भ न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांची चुकलेली संख्या हे आहे. 46 च्या जागी एखादं कमी-जास्त होतं आणि असा गर्भ बहुतेक वेळा पुढे वाढत नाही. पस्तिशीनंतर हे प्रमाण वेगानं वाढतं, चाळिशीत तपासलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त असे निघतात. हे कुणाच्या वागण्यानं होत नाही.

दुसऱ्या भेटीला नवरा आणि सासूबाई दोघांना बोलावलं. सासूबाईंनी सुनेला "टेन्शन घेतलीस म्हणून" असं ऐकवलं होतं, त्यामुळे मी जरा सावध होते. वहीतल्या ओळी मोठ्यानं वाचल्या. गाडीच्या धक्क्यांची ओळ आली तसा नवरा एकदम बोलला, "ते माझ्यामुळं. मी जांबोटीच्या रस्त्यानं आणलं तिला, खड्ड्यांतनं. लांबनं आणायला पायजे होतं." एवढे दिवस तो बायकोशी धड बोलला नव्हता तो याच्यासाठी. आणि सासूबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललेला, बाई. ओटी भरायला जायचं राहिलं माझ्याकडनं. मी हिला बोलले, पण मनात माझंच खुपत होतं."

एका घरात तीन वह्या चालल्या होत्या. लिहिलेली फक्त एक होती.

नवसाबद्दल मी काही बोलले नाही, तो त्यांचा आणि देवीचा प्रश्न. ओटी भरायला तिघं मिळून जा, एवढं म्हणाले. नवऱ्याला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली. वहीत नसलेलं, पण खरोखर बदलता येईल असं काही असेल तर ती तुमची सिगरेट. तिचा शुक्राणूंवर परिणाम होतो आणि घरातल्या धुराचा हिच्यावरही. नवे शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ तीन महिने लागतात. हा दोष लावणं नव्हे, पुढची तयारी आहे.

टेन्शनवर उपचार करायचेच, फक्त रिपोर्टसाठी नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर बाईला तिच्या स्वतःसाठी मदत हवी, मूल राहो न राहो. तिची झोप गेली होती. त्यासाठी मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं.

जाता जाता नवऱ्यानं विचारलं, एका ठिकाणी पुढच्या खेपेआधी गर्भाशयाचं अस्तर खरवडून घ्या म्हणालेत, वेगळे पैसे पडतील, करू का? मी म्हटलं, 2019 मध्ये 1364 बायकांची मोठी चाचणी छापून आली आहे. खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत मूल झालेल्यांचं प्रमाण 26.1 टक्केच होतं. ही चाचणी डॉक्टरांपुढे ठेवा आणि माझ्या बायकोला याचा काय उपयोग, असं विचारा. पटलं तर बघा.

गोठवलेल्या गर्भाचं सुगीनंतर बघू, असं तिघांनी ठरवलं. ट्रान्सफर जानेवारीत झालं. नवव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, तांबूस डाग दिसलाय. मी म्हटलं, डॉक्टरांना आत्ता कळव, आणि डाग दिसला म्हणून गर्भाला आधार म्हणून दिलेली प्रोजेस्टेरॉनची गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत काहीच ठरत नाही, असा डाग दिवस राहिलेल्यांनाही दिसतो.

"गोळी घेतली की. डॉक्टरना पण लावला फोन," ती म्हणाली. "रडून पण झालं." मागून किटल्यांचा आवाज येत होता. डेअरीत दूध घालायची वेळ झाली होती, तिनं फोन ठेवला.